बळ कोणाचे, जोखीम कोणाची

अंगात बळ यावे ही तरुण मनाची इच्छा मल्लविद्येइतकीच जुनी आहे, आणि ते लवकर यावे ही अधीरताही काही आजची नव्हे. मात्र त्या अधीरतेची पूर्तता करण्याची तजवीज रसायनशास्त्राने केली ती गेल्या शतकात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषसंप्रेरक १९३५ साली शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले, त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने घडवण्यातही यश मिळाले, आणि पुढे त्याच्या रेणूत थोडाथोडा फेरफार करून, दीर्घ आजाराने खंगलेल्या, रक्तक्षयाने ग्रासलेल्या रुग्णांना उभारी देणारी औषधांची एक मालिकाच निर्माण झाली. हीच ती अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स. रुग्णाच्या खाटेपाशी जन्मलेले हे औषध आज निरोगी, आणि पुष्कळदा वाढीच्या वयातल्या, मुलांच्या हाती जाऊन पडते. आणि ते देणारा माणूस बहुधा त्या मुलाचे भलेच चिंतीत असतो, ही या मामल्यातील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

म्हणून या प्रश्नाची एकच बाजू उच्चरवाने मांडण्यापेक्षा दोन्ही बाजूंची कैफियत समोरासमोर ठेवणे मला अधिक न्याय्य वाटते. कोल्हापूरकडील एका तालमीचे वस्ताद आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर उपचार करणारे एक डॉक्टर अशी दोन पात्रे मी त्यासाठी कल्पिली आहेत. पात्रे कल्पित असली तरी त्यांच्या तोंडची माहिती कल्पित नाही.

वस्ताद : डॉक्टरसाहेब, तुमच्यासारखे लोक व्याख्यान द्यायला येतात, पोरे मुकाट्याने ऐकतात, आणि बाहेर पडताच एकमेकांना म्हणतात की हे नुसते भीती घालतात. त्यांच्या या अविश्वासाला आधार आहे. या औषधांनी ताकद वाढत नाही, सारा मनाचा खेळ आहे, असे तुमच्याच शास्त्राने एकेकाळी सांगितले होते. आणि पोरांनी तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की शेजारच्या जिममधला कालपर्यंत किरकोळ दिसणारा मुलगा कोर्स सुरू करताच दोन-तीन महिन्यांत खांद्याने भरला. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

डॉक्टर : तुमची हरकत मी मान्य करतो. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या अग्रगण्य संस्थेने १९७७ साली अशाच आशयाचे निवेदन काढले होते आणि १९८४ साली तिला ते बदलावे लागले. त्या सात वर्षांत खेळाडूंचा वैद्यांवरचा विश्वास उडाला, तो अजून पुरता परतलेला नाही. म्हणून मी आरंभीच कबूल करतो, की ही औषधे काम करतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात ४३ पुरुषांची विभागणी करून काहींना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देण्यात आले. केवळ व्यायाम करणाऱ्यांच्या अंगावर सुमारे दोन किलो चरबीविरहित वजन चढले, तर व्यायामाच्या जोडीला औषध घेणाऱ्यांच्या अंगावर सुमारे सहा किलो चढले. पण निरोगी तरुणाचे शरीर स्वतःहून हे संप्रेरक दिवसाकाठी पाच ते सात मिलिग्रॅमच तयार करते, हेही त्याच वेळी ध्यानात घ्या. ज्याचा परिणाम एवढा प्रबळ, ते औषध फक्त दंडापुरते काम करून थांबेल, अशी आशा कोणत्या आधारावर करायची?

वस्ताद : आता तुम्ही सरळ बोललात, म्हणून मीही सरळ बोलतो. औषध गुणकारी आहे, पोरे ते घेणार आहेत, आणि तुम्ही हात झटकलेत म्हणून ती कोणाही ट्रेनरकडून, कुठल्याही औषधी दुकानाच्या मागल्या दाराने, तेलातली इंजेक्शने आणून एकाच सुईने एकमेकांना टोचून घेतात. त्यापेक्षा तुम्हीच बेताची मात्रा ठरवा, रक्त तपासा, वेळेवर थांबवा. तुमच्या देखरेखीखाली जोखीम आवाक्यात राहील. मी हे स्वार्थाने सांगत नाही. गळू झालेली, कावीळ झालेली पोरे उचलून दवाखान्यात नेण्याची पाळी आमच्यावरच येते.

डॉक्टर : तुमचा हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, आणि म्हणूनच त्याला तर्काने नव्हे तर इतिहासाने उत्तर दिले पाहिजे, कारण तुम्ही सुचवता तो प्रयोग जगात दोनदा होऊन गेला आहे. पहिला अमेरिकेत झाला. झीगलर नावाचे डॉक्टर तेथील वेटलिफ्टिंग संघाबरोबर १९५४ साली व्हिएन्नाच्या जागतिक स्पर्धेला गेले असता, सोव्हिएत वेटलिफ्टर टेस्टोस्टेरॉन घेतात असे त्यांना कळले. पुढे सीबा कंपनीने १९५८ साली डायनाबॉलची गोळी बाजारात आणल्यावर त्यांनी आपल्या खेळाडूंना ती अगदी बेताच्या मात्रेत, तुम्ही म्हणता तशाच सद्भावनेने दिली. खेळाडूंनी काय केले? एका गोळीने इतका लाभ होतो तर अनेक गोळ्यांनी किती होईल, असा हिशेब मनाशी करून त्यांनी डॉक्टरांच्या पाठीमागे कित्येक पटींनी मात्रा वाढवली. पुढे झीगलर यांनी हा उद्योग सोडला आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्याचा पश्चात्ताप केला. ज्या स्पर्धेत पहिला येणे हेच एकमेव मोजमाप असते, तेथे बेताची मात्रा टिकत नाही.

वस्ताद : त्या डॉक्टरांचा अंमल चालला नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. कडक बंदोबस्त असता तर?

डॉक्टर : तो बंदोबस्त दुसऱ्या प्रयोगात होता. पूर्व जर्मनीच्या सरकारने १९७४ पासून ‘राज्ययोजना १४.२५’ या नावाने हा कारभार रीतसर दप्तरी चालवला. येना येथील सरकारी कारखान्यात ओरल-ट्युरिनाबॉल नावाची गोळी तयार होई; डॉक्टर मात्रा ठरवीत, शास्त्रज्ञ मोजमापे घेत, गुप्त पोलीस खाते नोंदी ठेवी. सुमारे दहा हजार खेळाडू या योजनेतून गेले, आणि त्यांत पुष्कळ अल्पवयीन मुली होत्या, ज्यांना या गोळ्या जीवनसत्त्वांच्या म्हणून देण्यात आल्या आणि ज्यांच्या आईबापांना काहीही कळवण्यात आले नाही. १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या जलतरणातील १३ पैकी ११ सुवर्णपदके त्या चिमुकल्या देशाने नेली. एवढी कडक वैद्यकीय देखरेख खेळाडूंवर क्वचितच झाली असेल. आणि तिचे फळ? यकृताचे विकार, हृदयाचे विकार, बिघडलेली मासिक पाळी, कायमचे घोगरे झालेले आवाज. १९८६ साली गोळाफेकीत युरोपीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या हायडी क्रीगर यांना वयाच्या सोळाव्या वर्षापासून या गोळ्या दिल्या गेल्या. पुढे त्यांनी पुरुष म्हणून जगण्याचा निर्णय घेतला आणि ते अँड्रियास क्रीगर झाले. आपण कोण आहोत हे स्वतःच्या गतीने ओळखण्याचा अधिकार या गोळ्यांनी हिरावून घेतला, ही त्यांची तक्रार आहे. बर्लिनमध्ये २००० साली खटला चालून क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड यांना २२ महिन्यांची आणि प्रमुख क्रीडावैद्य मान्फ्रेड ह्योपनर यांना १८ महिन्यांची, दोन्ही स्थगित, अशा शिक्षा झाल्या. वस्ताद, अमेरिकेत डॉक्टरचा अंमल सुटला आणि जर्मनीत तो पूर्ण राहिला. नुकसान दोन्हीकडे झाले. देखरेखीने विष औषध होत नाही. फार तर त्याची नोंद नीट राहते.

वस्ताद : जर्मनीच्या मुलींची गोष्ट ऐकून जीव हळहळतो. पण आमची पोरे काही फसवली जात नाहीत; त्यांना ठाऊक असते. आणि कुस्तीत जोखीम नाही असे थोडेच आहे? आखाड्यात कान फुटतात, गुडघा निखळतो, मानेला कायमचा बाक येतो. तरी कुस्ती बंद करा असे कोणी म्हणत नाही. मग या एका जोखमीपुरतेच एवढे कठोर का व्हायचे?

डॉक्टर : कारण ती जोखीम आणि ही जोखीम जातीने भिन्न आहेत. फुटलेला कान सगळ्या तालमीला दिसतो, वस्ताद डाव थांबवतो, मुलगा विश्रांती घेतो. स्टेरॉइडचे नुकसान निःशब्द असते आणि ते उघडे पडते तेव्हा टाळ्या वाजवणारी माणसे पांगलेली असतात. प्रथम वाढत्या वयाचेच पाहू. मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो, त्याच्या बळावर उंची वाढते. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही अंश शरीरात स्त्रीसंप्रेरकात रूपांतरित होतो, आणि तेच संप्रेरक त्या थराला हाडात मिटवून टाकते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेतलेल्या कोर्सने रुंदी मिळेल, पण जी उंची त्याच्या वाट्याला निसर्गाने ठेवली होती ती थांबली तर कोणत्याही औषधाने परत मिळत नाही. त्याच रूपांतरामुळे मुलांच्या छातीवर स्तनांची गाठ वाढते, जी काढायला पुष्कळदा शस्त्रक्रियाच करावी लागते.

दुसरी गोष्ट मेंदूतील ग्रंथींची. रक्तात संप्रेरक भरपूर आहे असे दिसताच मस्तिष्कग्रंथी वृषणांना दिलेला हुकूम मागे घेते. वृषण आकसतात, शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते, कधी पूर्ण थांबते. औषध सोडल्यावर ही यंत्रणा पुन्हा जागी व्हायला महिने लागतात, काहींना वर्षे लागतात, आणि काहींच्या बाबतीत ती पूर्ववत होतच नाही. त्या मधल्या मुदतीत बाहेरचे संप्रेरक नाही आणि आतलेही नाही, अशी तरुणाची अवस्था होते. मन खचते, झोप उडते, कोणत्याच गोष्टीत रस राहत नाही, आत्मघाताचे विचारही येतात, आणि त्यातून सुटण्यासाठी तो पुन्हा त्याच सुईकडे वळतो. हे उभ्या पिकावर घेतलेल्या उचलीसारखे आहे. रक्कम आज हातात पडते, आणि फेडताना शेतच जाते.

वस्ताद : असे खचलेले पोर मी पाहिले आहे. तेव्हा मला वाटले होते, की हरल्यामुळे मन मोडले. पण हृदयाचे काय म्हणता? मोठे हृदय म्हणजे मोठी ताकद, असे पोरे समजतात.

डॉक्टर : व्यायामाने हृदय वाढते ते निराळे आणि या औषधाने वाढते ते निराळे. २०१७ साली अमेरिकेत १४० अनुभवी वजन-व्यायामपटूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ८६ जणांनी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतली होती आणि ५४ जणांनी कधीच घेतली नव्हती. हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्यागणिक आपल्यातील किती टक्के रक्त बाहेर टाकतो याचे प्रमाण न घेणाऱ्यांत सरासरी ६३ होते, तर घेणाऱ्यांत ५२ पर्यंत उतरले होते; शिवाय त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मेदाचे थर अधिक साचले होते. म्हणजे दंड फुगला आणि हृदय दुबळे झाले. याखेरीज रक्तातील उपकारक मेद घटतो, अपायकारक मेद वाढतो, रक्तदाब चढतो, तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते आणि गुठळी होण्याचा संभव वाढतो. तोंडाने घेण्याच्या गोळ्या यकृतात विघटित होऊ नयेत म्हणून त्यांच्या रेणूत जो बदल केलेला असतो, तोच यकृताला बाधतो. कावीळ होते, रक्ताने भरलेल्या पोकळ्या होतात, गाठी होतात. स्नायू झपाट्याने वाढतात पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा त्या वेगाने भक्कम होत नाहीत, त्यामुळे त्या तुटतात. आणि आता आपल्या तालमींत मुलीही उतरल्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर केस उगवतात, पाळी बंद पडते, आवाज घोगरा होतो; आणि आवाज तर औषध सोडल्यावरही पूर्वीसारखा होत नाही.

वस्ताद : साहेब, हे सारे खरे मानले तरी माझा एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो शरीराचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलाचा बाप अल्पभूधारक असतो. दूध, तूप, बदाम यांच्या खुराकासाठी तो जनावर विकतो, कर्ज काढतो. मुलाचे कुस्तीचे वय मोजके. तेवढ्यात राज्य पातळीवर नाव झाले तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखलेल्या पाच टक्के जागांतून त्याचा दाखला पुढे सरकतो, नाहीतर घराचा डाव संपला. समोरचा पैलवान औषध घेऊन उतरला आहे असा नुसता संशय आला, तरी अशा मुलाला मी काय सांगू? नीतीचे दोन शब्द?

डॉक्टर : नीतीचे शब्द अपुरे आहेत हे मी जाणतो. पण निदान व्यवहाराचा हिशेब पुरा मांडा. जाणीवपूर्वक घेतलेल्या स्टेरॉइडसाठी पहिल्याच वेळी चार वर्षांची बंदी आहे. म्हणजे ज्या मोजक्या वर्षांच्या घाईने मुलगा सुई घेतो, तीच वर्षे हातची जातात. मोठ्या स्पर्धांतील नमुने दहा वर्षांपर्यंत जपून पुन्हा तपासता येतात, आणि २००८ व २०१२ च्या ऑलिम्पिकमधील कित्येक पदके तशी वर्षांनंतर काढून घेतली गेली. बेन जॉन्सन १९८८ साली सोलला शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला आणि तीन दिवसांत त्याचे पदक गेले. आज तर पदक काढून घ्यायला इतकी घाईही करावी लागत नाही.

वस्ताद : आणि शिक्षा होते कोणाला? पोराला. देणारा मोकळा. २०१० च्या आशियाई स्पर्धेत रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या आपल्या संघातील काही मुली पुढच्याच वर्षी चाचणीत सापडल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या पूरक आहारातून ते औषध पोटात गेले, असे त्यांचे म्हणणे होते. तरी दोन वर्षांची बंदी त्यांनीच भोगली. आपले महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव २०१६ साली रिओपर्यंत पोहोचले. आपल्या अन्नात कोणीतरी औषध मिसळले हे त्यांचे म्हणणे क्रीडा लवादाने ग्राह्य धरले नाही, आणि लढत होण्यापूर्वीच चार वर्षांची बंदी आली.

डॉक्टर : येथे मी सर्वस्वी तुमच्या बाजूचा आहे. आपल्या शरीरात जे सापडेल त्याला खेळाडू स्वतः जबाबदार, हा नियम कठोर आहे, आणि पूरक आहाराच्या डब्यावर छापलेल्या यादीवर विसंबून खेळाडूची खातरजमा होत नाही. कोलोन येथील प्रयोगशाळेने तेरा देशांतून आणलेल्या ६३४ पूरक पदार्थांची तपासणी केली, तेव्हा ९४ पदार्थांत यादीत न नमूद केलेली संप्रेरकजन्य द्रव्ये निघाली. म्हणजे सातांतला जवळजवळ एक. खेळाडू अल्पवयीन असेल तर त्याच्या प्रशिक्षकाची आणि साहाय्यकांचीही चौकशी झाली पाहिजे असे आता आंतरराष्ट्रीय नियमांत आहे, आणि आपल्याकडे २०२२ साली उत्तेजकविरोधी कायदाही झाला आहे. पण नियमाचे कलम आणि त्याचा अंमल यांत अंतर राहते, आणि ते तुमच्यासारख्यांनीच आवाज उठवून कमी केले पाहिजे. माझा मूळ मुद्दा तर हाच आहे. तुम्ही मघाशी म्हणालात, की आमची पोरे फसवली जात नाहीत, त्यांना ठाऊक असते. सोळा वर्षांच्या मुलाला काय ठाऊक असते? वस्तादांचा शब्द. तो शब्द ज्या क्षणी सुईची शिफारस करतो, त्या क्षणी मुलाची संमती ही संमती राहत नाही. ती आज्ञापालन होते.

वस्ताद : वस्तादाच्या शब्दाचे हे वजन मी नाकारत नाही. पण मग गरीब मुलासाठी करायचे काय, ते तुम्ही सांगत नाही.

डॉक्टर : त्याचे उत्तर तुमच्याच कोल्हापूरच्या इतिहासात आहे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आले. त्यांच्या प्रवासासाठी गावोगाव वर्गणी जमली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेथे मोठ्या माणसांनी जोखीम स्वतःच्या अंगावर घेतली. आज आपण तीच जोखीम उलट फिरवून मुलाच्या यकृतावर, हृदयावर आणि त्याच्या होणाऱ्या संसारावर टाकतो, आणि त्याला त्याग म्हणतो. खुराकाला पैसा कमी पडत असेल तर तो तालमीने, गावाने, साखर कारखान्याने, सरकारने उभा करावा. ते कठीण आहे, पण ते आपले काम आहे.

वस्ताद : तुमचे हे म्हणणे मला लागले. तरी मी पूर्ण पटले असे म्हणणार नाही. समोरच्या तालमीत औषध चालू राहिले तर माझी पोरे हरतील, आणि त्या हरण्याचा जाब मलाच द्यावा लागेल. एवढे मात्र सांगतो, की अठरा वर्षांखालच्या मुलाला असले काही देणाऱ्याला माझ्या तालमीची पायरी चढू देणार नाही. पण ज्यांनी आधीच घेतले आहे, त्यांचे काय? ती पोरे तुमच्याकडे यायला घाबरतात.

डॉक्टर : त्यांना अवश्य पाठवा, आणि तालमीतून नाव कमी होईल ही भीती त्यांच्या मनातून तुम्हीच काढा. त्यांनी घेतलेल्या औषधाचे नाव, मात्रा आणि काळ न लपवता सांगावा. रक्तपेशींची मोजणी, यकृताची आणि मेदाची तपासणी, रक्तदाब, संप्रेरकांचे प्रमाण आणि हृदयाचा टूडी इको एवढ्या गोष्टी पाहिल्या, की पुष्कळसे चित्र स्पष्ट होते. सुई सामायिक झाली असेल तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांची चाचणी करावी. औषध सोडल्यानंतरचे काही महिने मुलाला एकटे ठेवू नये. त्याच काळात मन सर्वांत खचते, आणि ते उपचाराने सावरते. लवकर आलेल्या मुलाचे पुष्कळ नुकसान भरून निघू शकते, म्हणून लवकर येणे हेच महत्त्वाचे.

दोघांचा मतभेद येथे मिटला असे मी म्हणणार नाही. वस्तादांनी मांडलेली अडचण, म्हणजे गरिबी, मोजके वय आणि प्रतिस्पर्ध्याचा संशय, ही खरी आहे, आणि तिची दखल न घेता दिलेला प्रत्येक उपदेश मुलांच्या दृष्टीने पोकळच ठरेल. परंतु त्या अडचणीचा भार कोणी वाहायचा, या प्रश्नाला माझ्या मते एकच उत्तर संभवते. वाढत्या वयाचा मुलगा आपल्या देहाचा विश्वस्त म्हणून वस्तादाकडे, प्रशिक्षकाकडे, आईबापांकडे आणि वैद्याकडे पाहतो. त्याच्या यशात या सर्वांना मान मिळतो, तर त्याच्या देहाच्या जोखमीचा वाटाही त्यांनीच उचलला पाहिजे. ज्या विजयाची किंमत मुलाने पुढील आयुष्यभर एकट्याने भरायची आहे, तो विजय त्याच्यासाठी मागण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.